स्टीम इस्त्री, टँकरचं पाणी आणि माझी मोतिया साडी

आमच्या सोसायटीच्या गेटशी टपरीत जे इस्त्रीवाले काका बसायचे ते दिवाळीला गावी गेले ते परत आलेच नाहीत. महिनाभर आम्ही वाट बघितली, मग त्यांच्या जागी एक मुलगा आला, काम बरं करतो पण शर्टाचे आणि पँटीचे १२-१२ आणि कॉटन साडीचे ५० म्हणाला आणि मी तिथेच उभ्या उभ्या हिशोब केला की माझ्या शाळेच्या आठवड्याच्या ५ साड्या, ह्यांचे ५ शर्ट, ५ पँटी, झाले ३७०, म्हणजे महिन्याला दीड हजार नुसते इस्त्रीला. घरी आल्यावर म्हटलं आता आपणच करायची. तेव्हा मला वाटलं होतं की हा विषय एका दिवसात संपेल. तो दीड वर्ष चालला, त्यात एक इस्त्री आणि एक साडी गेली. साडी पूर्ण गेली असं नाही, सांगते पुढे.

घरी इस्त्री नव्हती असं नाही. लग्नात आलेली जुनी साधी इस्त्री होती, १००० वॉटची, काळा दांडा, खाली चकचकीत लोखंड आणि वजन असं की चार शर्ट झाले की मनगट बोलायला लागतं. तिच्याने कपडे छान कडक व्हायचे पण आधी पाण्याचा हात मारा, सुरळी करून पंच्यात गुंडाळून ठेवा, मग तासाभराने करा, एवढा वेळ शाळेच्या दिवशी कोणाला आहे. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी तांब्यात निखारे घालून करायचो आणि यांची पँट गादीखाली घालायची, सकाळी धार आलेली असायची." खरंय, पण गादीखाली साडेपाच मीटर साडी कशी घालणार.

म्हणून स्टीम इस्त्री. पहिली मी अगदी आंधळेपणाने घेतली हे कबूल करते. ऑनलाइन सेल चालू होता, जांभळा रंग गोड होता, चार तारे होते, हजाराच्या आत होती, घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही कारण चूक अर्धी माझीच होती. पहिले दोन महिने तर मी तिच्या प्रेमात होते, बटण दाबलं की फुस्स करून वाफ, शर्टाची कॉलर एका फटक्यात, अगदी शेजारणीला बोलवून दाखवलं.

मग जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन. मोतिया रंगाची कॉटन साडी, बारीक मरून काठ, कार्यक्रमाच्या सकाळी साडेसहाला इस्त्री करायला घेतली. काठ झाला, पदर झाला, निऱ्यांचा भाग पसरला आणि इस्त्री पुढे सरकवली तर मागे एक तपकिरी थेंब. मला वाटलं चहा सांडला की काय, वर बघितलं. परत सरकवली, आणखी तीन थेंब, आणि मग भोकांतून पिचकारीसारखं चहाच्या रंगाचं पाणी, त्यात पांढरे बारीक कण. मी मूर्खासारखी ते पुसायला वरून परत इस्त्रीच फिरवली की वाळेल म्हणून. वाळलं, आणि डाग पक्का बसला. त्या दिवशी मी दुसरीच साडी नेसून गेले आणि दिवसभर डोक्यात ते थेंब. नंतर गार पाण्यात भिजवून, लिंबू लावून बरेचसे डाग गेले, एक अजून आहे, निऱ्यांत जातो म्हणून कोणाला दिसत नाही, मला माहितीये तो कुठे आहे.

संध्याकाळी पहिल्यांदा खोक्यातलं माहितीपुस्तक काढलं. (खोकं जपून ठेवायची सवय आईकडून आलीये, पुस्तक वाचायची सवय कोणाकडूनच आलेली नाही.) त्यात सेल्फ क्लीन म्हणून एक प्रकार होता जो मी दोन महिन्यांत एकदाही केला नव्हता. टाकी भरायची, सगळ्यात जास्त तापवायची, प्लग काढायचा, बेसिनवर आडवी धरायची, ते बटण दाबून ठेवून हलवायची. केलं. बेसिनमध्ये जे पडलं ते बघून मी गप्पच झाले, इडली रवा असतो ना तसा पांढरा-पिवळा चुरा, चमचाभर तरी, आणि गढूळ गरम पाणी. एवढं त्या इस्त्रीच्या पोटात होतं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सांगितलं तर आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडम म्हणाल्या, "तू वाघोलीला राहतेस ना, पाणी कसलं आहे तुमच्याकडे?" कसलं असणार, टँकर आणि बोअर. नळाच्या तोट्यांवर पांढरा थर, बादल्या पांढऱ्या, गीझरची कॉइल दोनदा बदलून झाली. "मग इस्त्रीचा काय दोष," म्हणाल्या, "दुष्फेन पाणी आहे ते." दुष्फेन हा शब्द मी सातवी-आठवीनंतर पहिल्यांदा ऐकला, साबणाला फेस येत नाही ते, परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, आयुष्यात असं साडीवर येऊन पडेल असं वाटलं नव्हतं. पाण्यातले कॅल्शियम मॅग्नेशियमचे क्षार वाफेबरोबर जात नाहीत, वाफ निघून जाते आणि क्षार आत राहतात. रोज थोडे थोडे. मग तापून तापून त्यांची खपली होते, भोकं बुजतात, आणि एक दिवस ती खपली सुटून पाण्याबरोबर बाहेर येते. माझ्या नणंदेकडे सदाशिव पेठेत खडकवासल्याचं पाणी, मऊ, तिची स्टीम इस्त्री सहा वर्षं झाली नळाचंच पाणी पिऊन चालतेय आणि ती मला म्हणते "तुला वापरता येत नाही." असं ऐकलं की राग येतो, पण तिला तरी काय माहीत.

दुसरी चूक माझी होती आणि ती मला मान्य आहे. नॉब कमीवर ठेवून मी स्टीम चालू करत होते, साडी जळू नये म्हणून. आता झालं असं की ही घरगुती इस्त्री आत पाणी उकळून ठेवत नाही, आत बॉयलर वगैरे नसतोच. वरच्या टाकीतून एकेक थेंब खालच्या तापलेल्या प्लेटवरच्या खोलीत पडतो आणि पडल्या पडल्या त्याची वाफ होऊन भोकांतून बाहेर येते. प्लेट पुरेशी तापलेली नसेल तर थेंब थेंबच राहतो आणि सरळ कपड्यावर गळतो. नॉबवर टिंबं असतात ती यासाठी, एक टिंब म्हणजे साधारण ११० अंशापर्यंत, नायलॉन-अ‍ॅक्रिलिकचं, दोन म्हणजे १५०, रेशीम-लोकर-पॉलिस्टरचं, तीन म्हणजे २००, सुती आणि लिननचं. कपड्याच्या आतल्या लेबलवर जी इस्त्रीची चित्रं असतात त्यातही हीच टिंबं. आणि बहुतेक इस्त्र्यांत वाफ दोन टिंबांच्या पुढेच चालू करायची, कित्येकांच्या नॉबवर तिथून वाफेचं चित्र सुरूच होतं. एक टिंबावर वाफ मागितली तर पाणीच मिळणार. दोन महिने निभावलं तेच नशीब.

ती जांभळी इस्त्री मी आणखी थोडे दिवस ओढली, पण एकदा गळायला लागलेली गळतच राहिली. नाक्यावरच्या रिपेअरवाल्याने हातात घेऊन उलटी केली, भोकं बघितली आणि परत दिली. "ताई, साधी असती तर थर्मोस्टॅट बदलून दिला असता, कॉइल बदलून दिली असती. ही उघडली तर परत बंद होणार नाही." निदान खरं बोलला.

मग ठरवलं की दुसरी घ्यायची ती नीट बघून. सगळ्यात आधी मी काय केलं तर वहीत लिहून काढलं की आठवड्यात इस्त्री कशाकशाला लागते. कॉटन साड्या, त्यातल्या दोन खळ घातलेल्या, शर्ट, पँटी, मुलाचा युनिफॉर्म, महिन्यातून एखादी सिल्कची. ही यादी केल्यावर दुकानदार दाखवतात त्यातल्या निम्म्या गोष्टी आपोआप बाद झाल्या. उदाहरणार्थ तो उभा हातातला स्टीमर, गार्मेंट स्टीमर, ज्याची हल्ली सगळीकडे जाहिरात असते. जॉर्जेटचा ड्रेस, ब्लेझर, पडदे, हँगरवर लटकवून सुरकुत्या घालवायच्या असतील तर तो छानच आहे, पण मागे टेकायला काही नाही, दाब नाही, त्यामुळे कॉटनच्या शर्टाला कडक इस्त्री त्याने होणार नाही आणि पँटीला धार तर विसराच. आमच्या घरी ब्लेझर एकच आहे आणि तो लग्नांनाच निघतो. दुसरं टोक म्हणजे वेगळ्या मोठ्या टाकीची स्टीम स्टेशन, नळी लावलेली, त्यात खरंच बॉयलर असतो आणि वाफ दाबाने येते. बुटीकवाल्यांना ठीक आहे. आमच्या बेडरूममध्ये ती ठेवायची तर एक माणूस बाहेर झोपवावा लागेल.

यादीनंतर प्लग, आणि हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. एका मैत्रिणीकडे २४०० वॉटची इस्त्री, वाफ अशी की खोली धुक्याची, मला तीच हवी झाली. ह्यांनी विचारलं लावणार कुठे. तिची पिन मोठी, १६ अँपिअरची, आणि आमच्याकडे मोठे पॉइंट तीनच, गीझरचा, एसीचा आणि किचन ओट्यावरचा. बेडरूममधले सगळे छोटे, ६ अँपिअरचे. सहा गुणिले २३० केलं की १,३८० होतात, म्हणजे छोट्या सॉकेटवर तेवढ्या वॉटच्या वर जाऊच नये. २४०० वॉटची इस्त्री दहा अँपिअरच्या वर ओढते. बाजारात मोठी पिन छोट्या सॉकेटमध्ये बसवायचे कन्व्हर्टर वीस-तीस रुपयांना मिळतात आणि लोक सर्रास वापरतात, आमच्या खालच्या मजल्यावर त्या प्रकारात सॉकेट वितळून काळं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, प्लॅस्टिक जळल्याचा वास जिन्यापर्यंत. त्यामुळे एक तर इलेक्ट्रिशियन बोलवून बेडरूममध्ये वेगळी जाड वायर ओढून मोठा पॉइंट करून घ्या, किंवा १२०० ते १३५० मध्ये राहा. भाड्याचं घर, वायर कोण ओढणार, आम्ही दुसरं निवडलं.

आता वॉट कमी म्हटल्यावर वाफ किती येणार हा प्रश्न. खोक्यांवर आकडे असतात, १५ ग्रॅम, २० ग्रॅम, कुठे ४५ ग्रॅम. मला त्यातलं काही कळेना. मुलगा बारावी सायन्सला आहे, जेवताना त्याला म्हटलं हे सांग बरं काय असतं, तर त्याने पेपर नॅपकिनवर गणित केलं. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण २,२६० ज्यूल लागतात, त्याआधी नळाचं पाणी २५ अंशांवरून १०० वर न्यायला आणखी तीनशेच्या वर, म्हणजे ग्रॅममागे अडीच हजारांच्या थोडं वर. मिनिटाला २० ग्रॅम वाफ सलग हवी तर साडेआठशे वॉट नुसते वाफेतच गेले. "आई, तुझ्या १२५० मधले उरले चारशे, त्यात प्लेट गरम ठेवायची आणि कपडाही तापवायचा." आणि मग तो ४५ ग्रॅमवाला? १३०० वॉटची इस्त्री आणि खोक्यावर ४५. त्याने परत गुणाकार केला, १,९०० च्या वर वॉट लागतात. "हे सलग शक्यच नाही, हा शॉटचा आकडा असणार, एकदा बटण दाबल्यावर जो भपकारा येतो तो." खरंच, खोकं नीट वाचलं तर बारीक अक्षरात शॉट असं होतं. त्या नॅपकिनने मला जितकं शिकवलं तितकं तीन आठवड्यांच्या यूट्यूबने शिकवलं नाही. तेव्हापासून मी खोक्यावर सलग वाफेचा आकडा वेगळा आणि शॉटचा वेगळा बघते, आणि छोट्या इस्त्रीवर २० च्या वर लिहिलं असेल तर भुवया उंचावते.

टाकीचाही हिशोब त्यातच झाला. टाकी २०० मिलीची आणि वाफ मिनिटाला २० ग्रॅम म्हणजे दहा मिनिटांत टाकी रिकामी. मला एक साडी करायला बारा-पंधरा मिनिटं लागतात. म्हणजे सलग वाफ चालू ठेवली तर साडीच्या मध्येच उठून पाणी भरा. पण टाकी मोठी घेतली की भरल्यावर वजन तेवढं वाढतं. इथे मी २२० च्या आसपास थांबले.

खरेदी या वेळी हातात धरूनच करायची ठरलं होतं म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. ज्यांनी ती गल्ली पाहिली नाही त्यांना सांगते, बल्ब, वायर, पंखे, मिक्सरचे पार्ट, सगळं एकमेकांच्या अंगावर, आणि समोरून टेम्पो आला की आपण दुकानाच्या पायरीवर. तिथे फिलिप्स, बजाज, उषा, मॉर्फी रिचर्ड्स, हॅवेल्स अशा ओळीने लावलेल्या. मी पर्समधून माझी चुरगाळलेली कॉटनची ओढणी काढली तेव्हा काउंटरवरचे काका हसले. "ताई, घरून कापड घेऊन आलेलं पहिलं गिऱ्हाईक." पण लावून दिली हं त्यांनी, पाणीही भरून दिलं, नाहीतर ऑनलाइन हे कुठे मिळतं.

हातात घेतल्यावर ज्या गोष्टी कळतात त्या कळतातच. वजन, म्हणजे रिकाम्या इस्त्रीचं नाही, भरलेल्या. एक होती ती इतकी हलकी की मलाच वरून दाबायला लागत होतं, मग काय उपयोग, कॉटनला थोडा भार लागतो. एकीच्या दांड्यात माझी बोटं अडकत होती. एकीचं पाणी घालायचं तोंड एवढं चिंचोळं की त्यांनी दिलेल्या मापातूनही बाहेर सांडलं. पुढचं टोक निमुळतं हवं, शर्टाच्या बटणांच्या मधून जायला, एकदोन गोल नाकाच्या होत्या त्या सोडल्या. वायर दोन मीटरच्या आत नको, आणि मुळाशी ती गोल फिरणारी हवी, कापडी वेष्टणाची मिळाली तर बरं, कारण साडी करताना इस्त्री सतत वळते आणि वायर मुळाशीच तुटते. आयएसआयचा शिक्का बघा, इलेक्ट्रिक इस्त्रीला तो लागतोच, नसलेली स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

प्लेटवर मात्र आमचं अर्धा तास चाललं. काका म्हणत होते सिरॅमिक घ्या, सगळे तेच नेतात. नॉनस्टिक स्वस्त, सुरुवातीला मस्त सरकते, पण पँटीची चेन, ब्लाउजचे हूक यांवरून गेली की ओरखडे पडतात आणि ओरखड्यातून कोटिंग उठायला लागतं. जांभळीचं तेच झालं होतं. सिरॅमिक त्या मानाने टिकते, सरकतेही सुंदर, पण पडली, आपटली की टवका उडू शकतो. स्टीलला काही होत नाही, फक्त खळीचा कपडा तिला चिकटतो, वरचेवर पुसावी लागते. भोकं किती यावर काका खूप बोलले पण मी लक्ष दिलं नाही, वाफ तयारच तेवढी होणार असेल तर ती साठ भोकांतून येवो नाहीतर शंभर. मी ओढणीवर तिन्ही फिरवून बघितल्या आणि सिरॅमिक घेतली, १२५० वॉट, छोटी पिन, ठिबक थांबवणारी झडप असलेली, म्हणजे प्लेट गार झाली की पाणी आपोआप बंद. ही झडप माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची होती, मोतिया साडी आठवून. आडवी विसरली तर अर्ध्या मिनिटात आणि उभी राहिली तर आठ मिनिटांत आपली आपण बंद पडते, हे सासूबाईंसाठी, कारण त्या देवघरात हाक आली की इस्त्री तशीच सोडून जातात. एकवीसशे म्हणाले, अठराशे पन्नासला दिली. मॉडेलचं नाव विचारू नका, ती दर वर्षी बदलतात.

पाण्याचं काय केलं ते महत्त्वाचं. आरओचा माणूस फिल्टर बदलायला आला होता तेव्हा त्याच्याच मीटरने टीडीएस, म्हणजे पाण्यात एकूण किती पदार्थ विरघळलेत ते, मोजायला लावलं, नळाचं हजाराच्या वर, आरओचं साठ. केमिस्ट्री मॅडम म्हणाल्या टीडीएस म्हणजे नुसते ते क्षार नव्हेत, पण अंदाज येतो. पुस्तकात लिहिलंय की पाणी दुष्फेन असेल तर अर्धं नळाचं अर्धं डिस्टिल्ड घाला. मी सरळ आरओचं घालते, पुण्यात गावात राहत असते तर नळाचंच घातलं असतं. शेजारणीने सल्ला दिला की एसीतून गळणारं पाणी शुद्ध असतं तेच घाल. ते पाणी धुळीने भरलेल्या कॉइलवरून येतं बाई, आणि पुस्तकात त्याला स्पष्ट नाही म्हटलंय. व्हिनेगर, गुलाबपाणी, सेंट, खळ, यातलं काहीही टाकीत नाही. इस्त्री झाली की गरम असतानाच उरलेलं पाणी ओतून टाकायचं आणि उभी ठेवायची, आणि महिन्यातून दोनदा सेल्फ क्लीन, कॅलेंडरवर एकादशीच्या चौकटीत लिहून ठेवलंय म्हणजे विसरायला होत नाही. आता बेसिनमध्ये पडतं ते जवळजवळ स्वच्छ पाणी.

वापरायलाही मी नव्याने शिकले. आधी कमी तापमानाचे कपडे, मग जास्तीचे, कारण इस्त्री तापते पटकन पण गार व्हायला वेळ लावते. मी उलटं करायचे, शर्ट झाले की सिंथेटिक ओढणी, आणि एकदा ओढणी प्लेटला चिकटलीच. वाफ कशाला लागते तेही मॅडमनीच सांगितलं, सुती धाग्याच्या आत हायड्रोजनचे बंध असतात, ते चुरगळलेल्या अवस्थेत घट्ट बसतात, पाणी आणि उष्णता मिळाली की सुटतात, आणि मग कपडा गार आणि कोरडा होताना सपाट अवस्थेत परत बसतात. म्हणून इस्त्री झाल्या झाल्या गरम शर्ट अंगात घातला की पाठीला परत सुरकुत्या. मी आता सगळं दहा मिनिटं हँगरवर ठेवते. एवढ्या एका गोष्टीने नवऱ्याचं "तुझी इस्त्री टिकत नाही" बंद झालं.

सिल्कवर वाफ मी देत नाही, कितीही सांगोत. एक थेंब पडला तरी रेशमावर पाण्याचा डाग उठतो आणि जरीला तर ओल नकोच. माझी पैठणी उलटी पसरून, वर जुनं मलमलचं धोतर टाकून, दोन टिंबांवर, कोरडी, आणि जरीच्या काठावर न घासता नुसती टेकवून उचलायची. तेही वर्षातून एकदोनदा, एरवी ती रोल प्रेसला जाते.

आणि खळीच्या साड्यांचं सांगायचं राहिलं. त्यांना मी अजून जुनी काळ्या दांड्याचीच इस्त्री वापरते. भाताच्या पेजेची खळ घातलेली साडी किंचित दमट असतानाच जड गरम इस्त्रीने दाबली की जी पापडासारखी होते ती वाफेने होत नाही, वाफेने खळ मऊ पडते आणि नव्या प्लेटला चिकटून पिवळी पापडी धरते. म्हणजे हलकीच घ्यायची म्हणून एवढा खटाटोप केला आणि घरात आता दोन इस्त्र्या आहेत. सासूबाईंनी एवढंच विचारलं की मग दुसरी कशाला आणलीस.

नवीला आता सव्वा वर्ष झालं. गळत नाही, थुंकत नाही. तक्रार एकच, पाणी घालायच्या तोंडावरचं ते प्लॅस्टिकचं छोटं झाकण, त्याची खटकी गेल्या महिन्यात तुटली, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात झाकण सुटं मिळत नाही, वरचा अख्खा भाग घ्यावा लागेल, सहाशे रुपये. सध्या रबरबँड लावलाय.